रोजंदारीवरचा पिचर

"या अंकासाठी मी बेसबॉलवर लिहिते," असं मंडळाच्या बैठकीत म्हटल्यावर आधी शांतता झाली आणि मग हशा. मागच्या बाकावरून प्रश्न आलाच, "का गं, विटीदांडू संपला काय?" प्रश्न चुकीचा नाही. आपल्या अंकात कविता येतात, सीमाभागातल्या भाषेवर लेख येतात, पुस्तक-परिचय येतात. बेसबॉल कुठून आला?

तो आला मामाकडून. मम्मीचे थोरले भाऊ न्यू जर्सीत राहतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचा फोन यायचा आणि मागे टीव्हीवर कायम न्यूयॉर्क मेट्स या संघाचा सामना चालू असायचा. मामा बोलता बोलता मध्येच ओरडायचे. आम्हाला वाटायचं, आमच्यावरच ओरडले. पुढे इंटरनेट स्वस्त झालं आणि मीही बघायला लागले. मी या खेळातली तज्ज्ञ नाही. पण या खेळातल्या एका माणसाबद्दल आणि त्याला चिकटलेल्या एका शब्दाबद्दल माझं एक मत आहे, आणि ते मांडायला आपल्या भाषेच्या मंडळासारखी दुसरी जागा नाही.

माणसाचं नाव ऑक्टाव्हियो डोटेल. जन्म 1973, सान्तो डोमिंगो, डॉमिनिकन रिपब्लिक. 8 एप्रिल 2025 रोजी मध्यरात्रीनंतर त्याच शहरातल्या 'जेट सेट' नावाच्या नाइट क्लबचं छत गाण्याचा कार्यक्रम चालू असताना कोसळलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. डोटेलला ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढलं होतं, पण हॉस्पिटलात पोचायच्या आधीच तो गेला. वय 51. त्या दिवशी मी ज्या ज्या बातम्या वाचल्या, त्यांत एक गोष्ट पहिल्या दोन-तीन ओळींत होतीच : हा 13 संघांकडून खेळला. आणि सोबत तो शब्द, 'जर्नीमन'.

खरं सांगायचं तर हा शब्द मी अनेक वर्षं मनातल्या मनात 'भटक्या' असा वाचत होते. जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून जर्नीमन म्हणजे गावोगाव फिरणारा. सरळ आहे की! यंदा शब्दकोश उघडला तेव्हा कळलं, मी साफ चुकले होते. यातल्या 'जर्नी'चा प्रवासाशी संबंध नाही. तो फ्रेंच 'जूर्ने' या शब्दावरून आलाय, म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. जुन्या युरोपात उमेदवारी संपवलेला, काम पक्कं येत असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर म्हणजे जर्नीमन. तो दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या दुकानात काम करायचा. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : रोजंदारीवरचा कारागीर. भटक्याला काम येत असेलच असं नाही. रोजंदारीवरच्या कारागिराला काम येतंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याला कोण बोलावणार?

माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगते. बेसबॉलमध्ये आपल्या बोलरच्या जागी पिचर असतो. तो 60 फूट 6 इंचांवरून चेंडू टाकतो, न टप्पा पाडता. नऊ इनिंग असतात, प्रत्येक इनिंगमध्ये तीन गडी बाद करायचे. पण क्रिकेटसारखा दर षटकाला बोलर बदलत नाही. एकच पिचर टाकत राहतो, दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत. मग त्याला काढतात, आणि एकदा काढलेला पिचर त्या सामन्यात पिचिंग करायला परत येत नाही. त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. मैदानाच्या एका कडेला 'बुलपेन' नावाचं आवार असतं, तिथं ही मंडळी बसून असतात. तिथला फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा. कधी हात गरम करूनही बोलावणं येत नाही, परत बसायचं. एका मोसमात 162 सामने. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज हे असं.

आणि बोलावणं येतं ते बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावरच. आधीचा पिचर मान खाली घालून बाहेर चाललेला असतो. बेसवर त्याने सोडलेले धावपटू उभे असतात. हे धावपटू नव्या माणसाचे नसतात, पण आता ते त्यालाच सांभाळायचे असतात. त्यांच्यासाठी बेसबॉलमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ 'वारशात मिळालेले धावपटू' असा होतो. जमीन नाही, दागिने नाहीत. वारशात मिळाला तो दुसऱ्याचा गोंधळ.

या वारशाचा हिशेब कसा ठेवतात ते बघण्यासारखं आहे. समजा पहिल्या पिचरने तिन्ही बेस भरून ठेवले आणि तो बाहेर गेला. नवा आला, त्याने एकही धाव न देता तिन्ही गडी बाद केले. पिचरची किंमत ज्या आकड्याने ठरते तो आकडा म्हणजे दर नऊ इनिंगमागे किती धावा दिल्या. या आकड्यात फायदा कुणाचा झाला? पहिल्याचा. त्याच्या नावावर लागणाऱ्या तीन धावा वाचल्या. वाचवणाऱ्याच्या खात्यात फक्त एक इनिंग जमा. आता उलट धरा. नव्याने मार खाल्ला आणि ते तिघेही घरी पोचले, तर त्या धावाही पहिल्याच्याच नावावर. म्हणजे वाचवलं तरी आकडा नीट बोलत नाही, बुडवलं तरी नीट बोलत नाही. हिशेब खोटा नाही; वही बांधली तेव्हा सुरू करणारा तोच संपवणारा असं गृहीत धरलेलं होतं, एवढंच.

डोटेलला मेट्सने 1993 मध्ये घेतलं. सहा वर्षं तो खालच्या लीगमध्ये घासत होता, 1999 मध्ये वर आला. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला मेट्स आणि अटलांटा यांच्यातला सामना 15 इनिंगपर्यंत लांबला. मामा अजूनही त्या सामन्याबद्दल बोलतात, आणि बोलतात ते रॉबिन व्हेंतुराबद्दल. त्याने शेवटी चेंडू कुंपणापार मारला, पण आनंदाने वेड्या झालेल्या सोबत्यांनी त्याला वाटेतच उचलल्यामुळे त्याला बेस पूर्ण करता आले नाहीत आणि चार धावांच्या फटक्याची एकच धाव झाली. मजेशीर गोष्ट आहे, सांगण्यासारखीच आहे. पण त्या सामन्यातला विजयी पिचर कोण होता, असं मी मामांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं नाही. शेवटच्या तीन इनिंग टाकल्या होत्या 25 वर्षांच्या डोटेलने.

दोन महिन्यांत मेट्सने त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. तिकडचा नावाजलेला पिचर माइक हॅम्पटन हवा होता, त्याच्या बदल्यात जे गेले त्यांत हा एक. ह्यूस्टनने आधी त्याला कधी सुरुवातीला, कधी शेवटाला वापरून बघितलं आणि मग मधल्या कामाला लावलं. 2002 मध्ये त्याने 83 सामन्यांत 118 गडी स्ट्राइकआउट केले आणि त्याचा तो धावांचा आकडा होता 1.85. हे फार म्हणजे फारच चांगलं आहे. पण तो आठवी इनिंग टाकायचा. नववी टाकायचा बिली वॅग्नर, आणि टाळ्या नवव्या इनिंगला असतात.

11 जून 2003 चा सामना मला सगळ्यात आवडतो. न्यूयॉर्कमध्ये, यँकीजच्या मैदानावर. ह्यूस्टनचा रॉय ओस्वॉल्ट दुसऱ्या इनिंगच्या सुरुवातीलाच दुखावला. मग एकामागून एक माणसं येत राहिली : मन्रो, सार्लूस, लिज, डोटेल, वॅग्नर. सहा जणांनी मिळून नऊ इनिंग काढल्या आणि यँकीजला एकही हिट मिळू दिली नाही. यँकीजवर अशी वेळ 1958 नंतर पहिल्यांदा आली होती. आठव्या इनिंगला डोटेल आला आणि त्याने चार स्ट्राइकआउट केले. तीन गड्यांच्या इनिंगमध्ये चार कसे? तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो, तसा एकजण पळाला. म्हणून डोटेलने आणखी एक काढला. मला हे फार त्याच्यासारखं वाटतं. काम झालं होतं, तरी निसटलं, मग परत केलं.

पुढची यादी पटकन सांगते. 2004 मध्ये ओकलँड. 2005 मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया, जिच्यानंतर वर्षभर हात वापरता येत नाही. मग यँकीज, कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागोत दोन वर्षं. 2010 या एकाच वर्षात पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस आणि कोलोरॅडो. 2011 मध्ये टोरोंटो आणि तिथून जुलैत सेंट लुइस. तिथं मात्र ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. वयाच्या 37 व्या वर्षी, बाराव्या संघासोबत. 2012 मध्ये डेट्रॉइट, तेरावा संघ. तोपर्यंत बारापेक्षा जास्त संघांकडून कुणीच खेळलं नव्हतं. एकूण 15 मोसम, 758 सामने, 1,143 स्ट्राइकआउट.

ज्या अदलाबदलीत तो टोरोंटोहून सेंट लुइसला गेला, त्याच गठ्ठ्यात एडविन जॅक्सन नावाचा एक तरुण पिचरही होता. शिकागोहून टोरोंटोच्या नावावर आला आणि तिथं एकही चेंडू न टाकता त्याच दिवशी पुढे गेला. आठ वर्षांनी, 2019 मध्ये, याच जॅक्सनने 14 संघ करून डोटेलचा विक्रम मोडला. आणि चौदावा संघ कुठला? टोरोंटो. कथेत कुणी असं लिहिलं असतं तर आमच्या सरांनी 'योगायोग फार' असा लाल पेनने शेरा मारला असता.

आता मुद्द्यावर येते. अशा माणसाबद्दल आपण काय म्हणतो? एका जागी टिकला नाही. कुणालाच नको झाला. निष्ठा नाही. आयपीएलमध्ये नऊ संघांकडून खेळलेल्या आरन फिंचवर किती विनोद झाले ते आपण सगळ्यांनीच वाचलेत, मीही दोन-तीन फॉरवर्ड केलेत. याउलट मारियानो रिव्हेरा. तोही रिलीफ पिचरच, पण 19 मोसम फक्त यँकीज आणि 652 सेव्ह. हॉल ऑफ फेममध्ये तो एकमताने गेला, आणि जावाच. पण त्याची थोरवी सांगताना 'एकाच संघाशी राहिला' हे आपण गुण म्हणून जोडतो, आणि तिथं मला थांबावंसं वाटतं. रिव्हेराला कुणी विकलंच नाही. डोटेलला विकलं. यातल्या बऱ्याच बदल्या दोन ऑफिसांमध्ये ठरल्या, याला निरोप आला, याने बॅग भरली. जो निर्णय त्याने घेतलाच नाही, त्याच्यावरून त्याची निष्ठा कशी मोजायची?

आणि दुसरं, 'तेरा जणांनी सोडलं' हे जितकं खरं, तितकंच 'तेरा जणांनी बोलावलं' हेही खरं. कोपर कापून शिवलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला कुणी दयेपोटी वर्ल्ड सिरीजला नेत नाही.

वॅग्नर जानेवारी 2025 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवडला गेला. मतदानाच्या यादीतलं ते त्याचं दहावं, म्हणजे शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत डोटेल गेला. यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. वॅग्नर मोठाच पिचर होता, डोटेल त्या रांगेतला नव्हता. माझी तक्रार रांगेबद्दल नाही, वहीबद्दल आहे. कारण वही बदलते, हे बेसबॉलनेच दाखवलंय. रिलीफ पिचरचा 'सेव्ह' हा आकडा कुणी वरून टाकलेला नाही. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना वाटलं की या लोकांचं काम कागदावर दिसत नाही. 1959 मध्ये एलरॉय फेस नावाच्या रिलीफ पिचरच्या नावावर 18 विजय आणि एकच पराभव लागला होता, आणि त्यातले काही विजय तर त्याने स्वतःच आघाडी घालवल्यानंतर संघाने परत मिळवून दिलेले होते! होल्ट्झमननी नवी मोजणी मांडली, आणि 1969 मध्ये ती अधिकृत झाली. ज्या हॉइट विल्हेल्मने 1958 मध्ये यँकीजला बिनहिटचं ठेवलं होतं, तो पुढे 1985 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीफ पिचर ठरला. तो किती संघांकडून खेळला होता? नऊ. तेव्हा 'फिरला म्हणून कमी' हा नियम त्यांच्याकडेही पक्का नाहीच. पण सेव्हचा मान शेवट करणाऱ्याला मिळतो. मधल्या माणसाचं काय? त्याच्यासाठी 'होल्ड' नावाचं एक मोजमाप आहे, पण ते अजून अधिकृत नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं तुला इतकं का लागतंय. सांगते.

माझी मम्मी गेस्ट लेक्चरर आहे. हिंदी शिकवते. 17 वर्षांत नऊ कॉलेजं झाली. काही ठिकाणी दोन वर्षं, काही ठिकाणी एक सेमिस्टर. तिच्याकडे एक निळी फाइल आहे, त्यात सगळ्या अनुभव-प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. मागच्या वर्षी एका ठिकाणी मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले होते आणि बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला, "मॅडम, तुम्ही एका जागी टिकत का नाही?" मम्मी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मला लाज वाटली. त्या विचारणाऱ्याची नव्हे, मम्मीची. हे लिहायला सोपं नाही, पण खरं आहे. घरी येताना बसमध्ये मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

डोटेलशी तिची तुलना एका मर्यादेपलीकडे टिकत नाही, हे मला कळतं. शिकागोने त्याला दोन वर्षांचे 1 कोटी 10 लाख डॉलर दिले होते. मम्मीला मे महिन्यात पगार नसतो. रोजंदारीला उगाच फुलं वाहण्यात अर्थ नाही. ती रोजंदारीच असते, आणि कायम जागा भरल्या जाव्यात हेच योग्य. पण जागा भरत नाहीत तोवर जी माणसं हे काम करतात, त्यांना 'टिकत नाही' म्हणायचं नाही, एवढं तर आपण करू शकतो ना? आपल्या कॉलेजांतही अशी माणसं आहेत. सेंड-ऑफच्या दिवशी फोटोत पहिल्या रांगेत कोण बसतं आणि कोण फोटो काढायला उभं असतं, ते एकदा बघा. मी बघितलं नव्हतं.

पिचर बदलला की नवा माणूस मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर येतो, कोच त्याच्या हातात चेंडू ठेवतो आणि एखाद-दुसरं वाक्य बोलतो. किती बाद आहेत, कोण कुठल्या बेसवर आहे, समोर कोण उभा आहे. आधीच्याने असं का केलं, यावर चर्चा नसते. तेवढा वेळच नसतो.

या जानेवारीत मम्मीला एका कॉलेजातून फोन आला. तिथल्या मॅडम अचानक रजेवर गेल्या होत्या, परीक्षेला नऊ आठवडे उरले होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पैसे किती, करार कधीपर्यंत, हे ती विचारेल असं मला वाटलं. तिने कॅलेंडर उलटं केलं, पेन शोधलं आणि विचारलं, "कुठपर्यंत शिकवून झालंय?"